सेकंडहँड सुपरकार: वाचकांचे प्रश्न आणि आमची थोडी कडू उत्तरं

या वेळी एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतलीत. अर्ध्या लोकांचं म्हणणं, भिंतीवरच्या पोस्टरमधली गाडी आता आवाक्यात आलीय, घेऊ का? उरलेल्यांचं, घेतली, आता काय करू? पत्रं छोटी केलीत, उत्तरं मात्र सगळीच छोटी करता आली नाहीत.

प्रश्न: सर, दोन फेरारी ३६० मोडेना बघितल्यात. पहिली फक्त १२ हजार किलोमीटर चाललेली, मालकाने बरीच वर्षं कव्हर घालूनच ठेवली होती, आत बसलं की नवीनच वाटते. दुसरी ६५ हजार चाललीय, बॉनेटवर दगडाचे टिपके आहेत, ड्रायव्हर सीटची कड झिजलीय, पण बिलांची जाडजूड फाइल आहे. दुसरी थोडी स्वस्त आहे. मन पहिलीवर आहे, काय करू?

मन पहिलीवर असणारच, मीटरचा आकडा वाचायला काही अक्कल लागत नाही ना, फाइल वाचायला लागते. माझं ऐकाल तर दुसरी घ्या, निदान तपासायला आधी दुसरीच न्या. या गाड्या चालवून जेवढ्या बिघडत नाहीत तेवढ्या उभ्या राहून बिघडतात. ऑइल सील कोरडे पडतात, रबरी होज आतून तडकतात, ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढत राहतं, टाकीतलं पेट्रोल जुनं होऊन इंजेक्टरमध्ये चिकटा धरतो, टायर दिसायला काळेकुळकुळीत आणि हाताला दगड. आणि ३६० मध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा), त्याला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. बारा हजारवाल्या गाडीचा बेल्ट शेवटचा कधी बदलला हे विचारा, आणि "चालवलीच कुठे, बदलायचा कशाला" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा.

आता फाइल कशी वाचायची. सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांवर जाऊ नका, शिक्का मारायला एक सेकंद लागतो. बिलं बघा, बिलात पार्ट नंबर असतात, मजुरीचे तास असतात, त्या दिवशीचं मीटर रीडिंग असतं. सगळी बिलं तारखेप्रमाणे लावा आणि रीडिंग एका कागदावर उतरवून काढा, आकडा चढतच गेला पाहिजे, मध्येच उतरला तर विषय संपला. मग मोठ्या गॅप शोधा. दोन-तीन वर्षं एकही बिल नाही म्हणजे एकतर गाडी पडून होती, नाहीतर त्या काळात जे झालं ते कोणाला सांगायचं नव्हतं. बेल्टच्या बिलात नुसता बेल्ट आहे की टेन्शनरचे बेअरिंगही आहेत ते बघा, कारण बेअरिंग जाम झालं की नवा बेल्टही घेऊन जातं. सुरुवातीच्या काही ३६० मध्ये एक्झॉस्ट कॅमचे व्हेरिएटर (व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणारा भाग) हा ओळखीचा मुद्दा आहे, ते बदलल्याची नोंद असेल तर उत्तम. पॅडल शिफ्टची (स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलायची) म्हणजे एफ१ गिअरबॉक्सची गाडी असेल तर क्लच कधी टाकला, किती किलोमीटरवर टाकला, हे हवंच. आणि सगळ्यात छान खूण म्हणजे वर्षभरात गाडी हजार किलोमीटर पण चालली नाही तरी त्या वर्षीचं ऑइल बदलल्याचं बिल आहे. असा मालक मिळाला की बाकी अर्धं काम झालं.

दगडाच्या टिपक्यांचं वाईट वाटून घेऊ नका, त्यावरून कळतं की पुढच्या भागाला अजून कोणी पुन्हा रंग मारलेला नाही. ६५ हजार चाललेल्या गाडीचं नाक एकदम चकाचक असतं तर मी जास्त प्रश्न विचारले असते.

पहिलीच हवी असेल तर घ्या, पण मग बेल्ट, सगळे फ्लुइड, होज, टायर, बॅटरी हे सगळं पहिल्या दिवशी करायचंय असं धरून भाव करा. विकणारा "लो मायलेज" म्हणून वर पैसे मागणार आणि तुम्हाला त्याच लो मायलेजमुळे वर खर्च करायचाय, हे गणित त्याच्यासमोरच मांडा.

प्रश्न: नवीन असताना जी किंमत होती तिच्या एक तृतीयांशात गाडी मिळतेय. म्हणजे मेंटेनन्सही त्याच प्रमाणात कमी धरायचा का?

अजिबात नाही. किंमत गाडीची पडते, पार्टची पडत नाही. गिअरबॉक्स, क्लच, डँपर (शॉक ॲब्झॉर्बर), हेडलाइट हे सगळं आजही त्या गाडीच्या नव्या किमतीच्या हिशोबानेच येतं, उलट काही पार्ट बंद झाले की आणखी वर जातं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. माझा साधा नियम, खरेदीच्या रकमेच्या दहा-पंधरा टक्के पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवायचे आणि ते पैसे आपले नाहीतच असं समजायचं. ते काढून झाल्यावर खिसा रिकामा होत असेल तर एक पायरी खालची पण उत्तम राखलेली गाडी बघा.

प्रश्न: विकणारा म्हणतो तपासणी आमच्या मेकॅनिककडून झालीय, रिपोर्ट पण दाखवतो. परत पैसे घालवून वेगळी तपासणी करायची गरज आहे का? केली तर त्यात नेमकं काय काय करून घ्यायचं?

गरज आहे का काय, तपासणीला नाही म्हणणाऱ्याकडून गाडीच घेऊ नका. आणि तपासणारा माणूस तुम्ही निवडायचा, तुम्ही पैसे द्यायचे, म्हणजे तो तुमचा. तो त्याच मॉडेलवर रोज काम करणारा हवा, नुसता "सगळ्या इंपोर्टेड गाड्या करतो" वाला नको, कारण लँबोर्गिनी गॅलार्डोत काय बघायचं आणि मॅकलारेनमध्ये काय बघायचं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इंजिनचं बघू. कॉम्प्रेशन टेस्ट बरेच जण करून देतात, ती करा, पण सोबत लीकडाउन टेस्ट मागा. त्यात पिस्टन एकदम वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत स्पार्क प्लगच्या भोकातून सिलेंडरमध्ये दाबाने हवा सोडतात आणि किती टक्के हवा निसटते ते मोजतात. मजा पुढे आहे, नुसता कान लावला तरी रोग कळतो. एक्झॉस्टमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेककडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून आला तर रिंग, आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. हे होताना तुम्ही स्वतः बाजूला उभे राहा, मेकॅनिकला काही राग येत नाही. एखाददुसरा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा वेगळा बोलत असेल तर तिथेच थांबा, सगळे सारखे थोडे कमी असतील तर ते वय आहे.

मग कॉम्प्युटर. नुसते फॉल्ट कोड वाचून भागत नाही, कारण विकायच्या आदल्या रात्री ते पुसता येतात. पोर्शेच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन किती तास चाललं आणि किती वेळा मर्यादेबाहेर फिरलं हे साठवून ठेवतो. समजा मीटर ४० हजार किलोमीटर दाखवतोय आणि ईसीयू एक हजार तास, म्हणजे सरासरी ताशी ४०, पटण्यासारखं आहे. तेच मीटर १५ हजार आणि तास तेवढेच असतील तर सरासरी ताशी १५, म्हणजे गाडी एकतर जन्मभर ट्रॅफिकमध्ये अडकली होती किंवा मीटरला कोणाचा तरी हात लागलाय. ओव्हररेव्हचं, म्हणजे मर्यादेबाहेर फिरण्याचं, वेगळं. मॅन्युअल गाडीत पाचव्यातून चौथ्यात टाकायच्या ऐवजी चुकून दुसरा पडला की लिमिटर काही करू शकत नाही, चाकंच इंजिनला फिरवतात, आणि ते वरच्या रेंजमध्ये नोंदवलं जातं. हा प्रिंटआउट मागून घ्याच.

बॉडी. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावा, कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो, एखाद्या पॅनलवर दुप्पट आला तर पुन्हा रंगवलंय, हजारच्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. फक्त एक लक्षात ठेवा, ३६० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, त्यामुळे लोखंडावरच चालणारं स्वस्तातलं यंत्र तिथे गप्प बसतं, आणि कार्बन फायबर किंवा प्लास्टिकच्या पॅनलवर तर ॲल्युमिनियमवालंही उपयोगाचं नाही. कार्बन टब (कार्बन फायबरचा मुख्य सांगाडा) असलेली गाडी असेल, उदाहरणार्थ मॅकलारेन एमपी४-१२सी, तर लिफ्टवर चढवून खालचे कव्हर काढून टब डोळ्यांनी बघायला लावा. त्याच गाडीत सस्पेन्शनचे हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटर पण तपासायचे, त्यातला गॅसचा दाब गेला की गाडी बैलगाडीसारखी आदळायला लागते.

रिकॉलचं विसरू नका. २०१० मध्ये फेरारी ४५८ च्या मागच्या व्हील आर्चमधली हीट शील्ड ज्या गोंदाने चिकटवली होती तो तापून पेट घेत होता म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि गोंदाऐवजी फास्टनर लावून दिले. अशी कामं चॅसी नंबरवरून अधिकृत डीलरकडे कळतात, एक फोनचं काम आहे.

आणि हो, दोन्ही चाव्या, कोड कार्ड, टूलकिट, मॅन्युअल आणि काढून ठेवलेले ओरिजिनल पार्ट, हे सगळं पैसे देण्याआधी ताब्यात. "घरी आहेत, पाठवतो" हे वाक्य ऐकलं की थोडी रक्कम अडकवून ठेवा, मग बघा कसे पटकन सापडतात.

प्रश्न: फेरारीच्या एफ३५५, ३६० आणि एफ४३० या तिघींत बेल्टचं काम कोणाचं सोपं? लोक इंजिन खाली उतरवावं लागतं म्हणून घाबरवतात.

घाबरवत नाहीत, एफ३५५ बद्दल खरंच सांगतात. तिच्यात बेल्टसाठी इंजिन सबफ्रेमसकट खाली काढतात. ३६० मध्ये सीटच्या मागे पॅनल आहे, ते उघडून केबिनमधूनच हात जातो, इंजिन जागेवर राहतं. एफ४३० मध्ये बेल्टच नाही, चेन आहे. म्हणून मेंटेनन्सच्या भीतीने झोप उडत असेल त्यांनी एफ४३० बघावी. कंपनीचा हिशोब बेल्टवाल्यांना तीन वर्षांचा असतो, बरेच बाहेरचे मेकॅनिक पाच वर्षांपर्यंत ताणतात. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग वाचवलेले पैसे कुठे गेले ते विचारू नका.

पण एफ३५५ वाल्यांना एक सांगतो, इंजिन खाली आलंच आहे तर त्या वेळी आजूबाजूचं सगळं उरकून घ्या. वॉटर पंप, कॅमचे सील, कूलंटचे होज, इंजिन माउंट, आणि खास करून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनमधला धूर गोळा करणारे पाइप), जे या गाडीत तडकण्यासाठी प्रसिद्धच आहेत. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टिक-टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर तो गायब होतो, म्हणजे धातू फुगून चीर मिटली. लोक समजतात बरं झालं, आवाज गेला!

प्रश्न: दादा, फेरारीची बटणं बोटाला चिकटतात, डॅशवर चॉकलेट वितळल्यासारखं झालंय. थिनरने पुसू का?

थिनर नको, ॲसिटोन तर मुळीच नको, खालचं प्लास्टिक विरघळेल. त्या काळच्या फेरारींना मऊ स्पर्शाचं कोटिंग असायचं, ते उष्णतेने आणि दमटपणाने सडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड घेऊन हळूहळू काढलं तर निघतं, पण बटणावरची चिन्हंही निघून जातात, म्हणून नुसत्या सपाट पॅनलवर हात साफ करा आणि बटणं काढून रिफिनिश करणाऱ्याकडे द्या. हा दोष गाडी घेताना दिसला तर भाव पाडायला वापरा, गाडी सोडायला नको.

प्रश्न: गॅलार्डो ई-गिअर घेतलीय. आधीच्या मालकाने सांगितलं क्लच "भरपूर" आहे. दोन महिन्यांत गाडी चढावर वास मारायला लागली. क्लच इतक्या लवकर जातो का?

भरपूर म्हणजे किती, हे मशीन सांगतं, मालक नाही. डायग्नोस्टिक टूल लावलं की क्लच किती झिजलाय ते टक्क्यांत येतं, हे घ्यायच्या आधी बघायला हवं होतं, असो, आता लगेच बघून घ्या.

ई-गिअर म्हणजे ऑटोमॅटिक नव्हे हे आधी डोक्यात बसवा. आत साधा मॅन्युअलसारखाच क्लच आहे, तुमच्या पायाऐवजी हायड्रॉलिक्स तो दाबतं, बस. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीसारखी ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकवली की क्लच अर्धवट धरलेला राहतो आणि जळतो. म्हणून पुढची गाडी चांगली दोन गाड्या पुढे जाऊ द्या, मग एकदाच नीट सोडा. सिग्नलला न्यूट्रल. निघताना ॲक्सिलरेटर भीत भीत नका दाबू, थोडा ठाम दाबा म्हणजे क्लच पटकन पूर्ण बसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चढावर रिव्हर्स. पार्किंगचा रॅम्प उलटा चढवायची सवय असेल तर ती आजच सोडा, नाक आत घालून लावा आणि उतारावरून मागे या. मैत्रिणीला, मेव्हण्याला, व्हॅलेवाल्याला चावी देणं बंद, त्यांनी राग धरला तर धरू दे.

क्लच बदलून घेतलात की नवा क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला शिकवावं लागतं, फेरारी एफ१ मध्ये पण तसंच आहे. हे सेटिंग नीट न करता गाडी हातात दिली तर नवा क्लचही झटपट जातो, म्हणून बिल देताना "कॅलिब्रेशनचं प्रिंट दाखवा" एवढं म्हणा. ३६० आणि एफ४३० वाल्यांसाठी जाता जाता, एफ१ पंपाचा रिले ही छोटीशी वस्तू आहे, ती चिकटली की पंप सतत चालत राहतो आणि जळतो. रिले वेळेवर बदलत राहा, पंप वाचेल.

प्रश्न: बजेट कमी आहे म्हणून पोर्शे ९९६ बघतोय. आयएमएस बेअरिंगबद्दल इतकं वाचलं की आता गाडी घ्यायचीच भीती वाटते.

भीती अर्धी बरोबर आहे. १९९७ पासून आलेल्या वॉटरकूल्ड एम९६ इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टच्या (म्हणजे आयएमएसच्या) टोकाला एक बेअरिंग आहे, ते फुटलं तर टायमिंग जातं आणि सोबत इंजिन. त्यातही सिंगल रो बेअरिंग असलेली इंजिनं, साधारण २००० ते २००५ मधली, जास्त बदनाम आहेत. २००६ नंतरच्यांत मोठं बेअरिंग आलं, ते चांगलं आहे पण इंजिन फोडल्याशिवाय बदलता येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला. आणि ९९६ टर्बो किंवा जीटी३ घेत असाल तर हा विषय तुमचा नाहीच, त्यांचं इंजिन वेगळ्या घराण्यातलं आहे. (टर्बोला वेगळं दुखणं आहे, कूलंट पाइपचे जोड गोंदाने चिकटवलेत, ते सुटतात. वेल्ड किंवा पिन करून घेतलेत का ते विचारा.)

साध्या ९९६ साठी काय करायचं, तर ऑइल फिल्टर कापून उघडायला लावा, घड्यांमध्ये धातूच्या कणांची चमचम दिसली तर नमस्कार करून परत या. क्लच बदलायची वेळ आली असेल तर गिअरबॉक्स उतरतोच, तेव्हाच बेअरिंग बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते. मालकाने हे आधीच करून घेतलं असेल आणि बिल असेल तर दुसरीकडे दोन पैसे कमी मिळत असले तरी हीच गाडी घ्या. सिलेंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात तेही बघायचं, त्याला बोअरस्कोप (सिलेंडरच्या आत घालायचा बारीक कॅमेरा) लागतो. एका बाजूच्या टेलपाइपला काजळी जास्त दिसली आणि इंजिन खटखट करत असेल तर बोअरस्कोप आधी, टेस्ट ड्राइव्ह नंतर.

प्रश्न: गाडी आहे एफ४३० एफ१. तीन गोष्टी डोक्यात आहेत, एक रिमॅप (इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल), दोन एक्झॉस्ट, तीन गिअरबॉक्सचं गेटेड मॅन्युअलमध्ये (धातूच्या खाचांतून फिरणाऱ्या गिअरच्या दांड्यात) कन्व्हर्जन. मित्र म्हणतात गाडीची व्हॅल्यू जाईल. तुमचं मत सांगा, स्पष्ट सांगा.

स्पष्टच सांगतो.

रिमॅप सोडून द्या. टर्बो नसलेल्या इंजिनात फेरारीने आधीच सगळं पिळून काढलंय, कागदावर आकडा वाढेल, पाठीला काही जाणवणार नाही. टर्बोवाल्यांची गोष्ट वेगळी, मॅकलारेनसारख्या गाडीत सॉफ्टवेअरने खरंच बरंच निघतं, पण तिथेही क्लच आणि गिअरबॉक्सला किती झेपतं हे ट्यूनर सांगत नाही आणि तुम्ही विचारत नाही. गॅलार्डोला दोन टर्बो लावणारेही आहेत, छंद म्हणून छान, पण ती गाडी पुढे विकत घेणारा गिऱ्हाईक शोधून दाखवा.

एक्झॉस्ट करा, पण आवाजासाठी नाही, मॅनिफोल्डसाठी. एफ४३० चे ओरिजिनल मॅनिफोल्डही तडकतात, आणि तडकलेल्या मॅनिफोल्डमधले किंवा खराब झालेल्या कॅटमधले (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधले) तुकडे उलटे सिलेंडरमध्ये ओढले जायचा धोका असतो. चांगल्या कंपनीचे जाड स्टीलचे हेडर (म्हणजे मॅनिफोल्डच) लावले तर ते अपग्रेडही झालं आणि इन्शुरन्सही. मागचा सायलेन्सर बदलायचा तर तुमच्या भागातले आवाजाचे आणि धुराचे नियम बघून, आणि कॅट काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला गाडी देऊ नका.

आता कन्व्हर्जन. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. १९९७ मध्ये एफ३५५ वर फेरारीने पहिल्यांदा पॅडल शिफ्ट दिला तेव्हापासून एफ४३० पर्यंत, हा एफ१ गिअरबॉक्स म्हणजे मुळात मॅन्युअलच आहे, वर हायड्रॉलिक हात बसवलेत. त्यामुळे तो परत मॅन्युअल करणं अशक्य वगैरे नाही, क्लच पेडल, मास्टर सिलेंडर, गेट, केबल आणि कॉम्प्युटरचं कोडिंग. ४५८ मध्ये कंपनीने मॅन्युअल दिलाच नाही, म्हणून फॅक्टरीतून मॅन्युअल निघालेली एफ४३० लोक शोधत फिरतात आणि मालक मागेल ती किंमत देतात. कन्व्हर्ट केलेल्या गाडीला ती किंमत येत नाही हे पक्कं समजून चाला, पण कामाची बिलं नीट असतील तर पडतेही असं नाही. मी काय करीन? एफ१ ची पंप-ॲक्च्युएटरची मोठी दुरुस्ती दारात उभीच असेल तर कन्व्हर्जन करीन, कारण तो पैसा तसाही जाणारच होता. एफ१ ठणठणीत चालत असेल तर हात लावणार नाही.

मित्रांच्या व्हॅल्यूच्या काळजीवर एकच उपाय, जे काही कराल ते परत उलटं करता आलं पाहिजे. भोकं पाडायची नाहीत, वायरिंग कापायचं नाही, आणि काढलेला प्रत्येक पार्ट, अगदी ओरिजिनल स्क्रूसकट, लेबल लावून डब्यात. इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवा, आणि पॉलिसी आधी ठरवलेल्या किमतीची घ्या, नाहीतर क्लेमच्या दिवशी ते जुन्या साध्या गाडीचा हिशोब काढून बसतील.

खरं विचाराल तर तुमच्या तिन्ही गोष्टींच्या आधी मी टायर, ब्रेक पॅड, ताजं ब्रेक फ्लुइड, बॉल जॉइंट आणि डँपर करीन. पंधरा वर्षांच्या गाडीला नवे बुश घातले की लोक विचारतात "काय ट्यून केलीस रे?"

प्रश्न: माझी पोर्शे ९९७ तीन महिने बंद होती. बॅटरी पूर्ण गेली, पुढचं झाकण उघडत नाही, आणि बॅटरी त्या झाकणाखालीच आहे. हसू नका.

हसलो थोडा, माफ करा. झाकणाचं लॅच इलेक्ट्रिक आहे म्हणून ही गंमत होते. पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढायचं एक लाल टर्मिनल आहे, त्याला बाहेरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह लावा, निगेटिव्ह दाराच्या लॉकच्या धातूच्या कड्याला, आणि झाकणाचं बटण दाबा. अलार्म बोंबलेल, बोंबलू दे. पण त्या टर्मिनलवरून इंजिन स्टार्ट करायला जाऊ नका, ती वायर तेवढ्यासाठी नाही, झाकण उघडा आणि मग थेट बॅटरीला लावा.

पुढच्या वेळी बॅटरी मेंटेनर लावून जा. अशा गाड्यांत व्होल्टेज कमी झालं की गिअरबॉक्सचे, एअरबॅगचे, सस्पेन्शनचे भुताटकीचे फॉल्ट येतात आणि लोक हजारो रुपयांच्या दुरुस्त्या सुरू करतात. टाकी पूर्ण भरा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा, हँडब्रेक ओढू नका, चाकाला ठोकळा लावा. आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून बंद करणं हा प्रकार बंद करा. तेवढ्यात इंजिन तापत नाही, ऑइलमध्ये आणि एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं, बॅटरीही भरत नाही. चालवायची तर अर्धा तास नीट बाहेर काढा, ऑइल ८० डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत आरपीएम वर नेऊ नका, नाहीतर उभीच राहू द्या.

प्रश्न: सिरॅमिक ब्रेक असलेली गाडी घेऊ की साध्या डिस्कवाली? विकणारा म्हणतो सिरॅमिक जन्मभर चालतात.

रस्त्यावर चालवाल तर खूप चालतात हे खरं आहे, ट्रॅकवर नेलं तर नाही. त्यांची झीज जाडीवरून कळत नाही, वजनावरून कळते, किमान वजन डिस्कच्या मधल्या भागावर छापलेलं असतं, म्हणजे डिस्क काढून काट्यावर ठेवायची. त्याआधी कडा बघा, चाक काढताना-घालताना रिम आपटून कपचा उडालेला असतो आणि तेवढ्यावर डिस्क बाद होऊ शकते. टायरवाल्याकडे गेलात की चाक हबवर बसवताना गाईड पिन वापरायला सांगा, तो तोंड वाकडं करेल, करू द्या. ट्रॅक डे करणार असाल तर साध्या डिस्क लावा आणि सिरॅमिक गुंडाळून कपाटात ठेवा, विकताना परत लावाल.

प्रश्न: शेवटचा आणि बहुतेक सगळ्यात बावळट प्रश्न. टायरवर ट्रेड (खाचांची खोली) भरपूर आहे, तरी बदलायचे?

बावळट नाही, बरेच लोक इथेच चुकतात. टायरच्या बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वर गेलेले टायर अशा ताकदीच्या गाडीवर मी ठेवत नाही, ट्रेड कितीही असू दे. कधीकधी हे आकडे टायरच्या आतल्या बाजूलाच असतात, तेव्हा गाडीखाली वाकून बघावं लागतं. चारही टायरचे बघा, आणि गाडी ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर दोनच नवे घालून दोन जुने ठेवायच्या आधी मेकॅनिकला विचारा, पुढच्या-मागच्या टायरच्या गोलाईत फरक पडला तर सेंटर डिफरन्शियल किंवा कपलिंग विनाकारण घासत बसतं.